पंपाले दोन झाकणं

"दोन झाकणं. तिसरं झालं का पान जयते."

हे म्हणताना काकाजी उजव्या हाताची दोन बोटं नाकासमोर उभी धरायचे आणि मधल्या फटीतून समोरच्याकडे बघायचे. मी त्यांची नक्कल करायचो. एकदा दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकांपुढे मस्त रंगात आलो होतो. सगळे हसले आणि मग एकदम माझ्या मागे बघायला लागले. मागे काकाजी उभे!

"अंगठा बाहेर काऊन ठेवतं बे? आत घे," ते म्हणाले. "करतं तं नीट करत जाय."

त्यांचं नाव सांगत नाही. कारंज्यात त्यांचे सोयरे आहेत, आणि मला त्या रस्त्यानं जावं लागतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. मी तेव्हा हायवेवरच्या एका कृषी केंद्रात काउंटरवर होतो. बियाणं, खत, फवारणीचं औषध. शेतकरी रोग लागलेलं पान घेऊन यायचा, आम्ही बाटली द्यायचो आणि प्रमाण सांगायचो, "एका पंपाले दोन झाकणं." पंप म्हणजे पाठीवरचा, फवारायचा. आणि झाकण त्याच बाटलीचं; जास्त पडलं की पान जळतं. मिलिलिटर वगैरे कागदावर छापलेलं असायचं, ते कोणी वाचत नसे.

काकाजींची फुलगोबी आणि वांगी होती. भाजी घेऊन दर रविवारी हद्दीपलीकडच्या बाजारात जायचे. आता आमचा जिल्हा दारूबंदीचा, हे तुम्हाला माहीत आहेच. पण कारंज्याहून नागपूरकडे निघालं की थोड्याच वेळात जिल्हा संपतो, आणि जिल्हा संपला की लगेच काय सुरू होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. काकाजी जाताना भाजी न्यायचे, येताना कोणीतरी काकाजींना आणायचं.

असेच एकदा आले. गोबीला पाणी द्यायला मोटर चालू केली आणि धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली जरा टेकले. जाग आली तेव्हा सगळी गोबी पाण्यात उभी होती आणि शेजारच्या शेतात बदकं आली होती.

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. भांडण नाही, रडणं नाही, माहेरी जाणं नाही. फक्त बोलणं बंद. जे काय बोलायचं ते म्हशीशी.

मी एकदा करपा बघायला त्यांच्या शेतात गेलतो, तेव्हा कानांनी ऐकलं.

"भुरे, सांग त्यायले, ताट वाढलं आहे म्हणा."

काकाजी तिकडून, "भुरे, सांग तिले, हात धुवून राह्यलो म्हणा."

भुरी बिचारी दोघांकडे बघून रवंथ करत होती. मी हसलो. काकाजी हसले नाहीत.

"आठ महिने झाले," ते मला बांधावर म्हणाले. "शिव्या देल्या असत्या तं चाललं असतं. म्हशीले 'भुरे' म्हणते, मले काहीच नाई म्हणत."

मग ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कमी करा. काकाजींनी विचारलं, "कमी म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले, बिलकुल नाही घेतली तर सगळ्यात चांगलं. "ते ठीक आहे साहेब, पन प्रमाण?" डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आवाज दिला. थोरल्या भावानंही सांगितलं, कमी कर. गावातल्या भजनवाल्या बुवांनीही सांगितलं, कमी करा. म्हणून काकाजी थेट आमच्या काउंटरवर आले.

"तू साऱ्या गावाले प्रमाण सांगतं. माह्यं सांग."

दुकानात गर्दी होती. गर्दी दिसली की माझी जीभ सुटते. मी अगदी सीरियस तोंड करून विचारलं, "काकाजी, वजन किती?"

"बासष्ट."

मी छताकडे पाहिलं, बोटं मोजली. "मंग दोन झाकणं. आठ दिवसांतून एक फवारणी. रिकाम्या पोटी नाई, उन्हात नाई, दोन औषधं मिसळाची नाई."

सगळं दुकान हसलं. काकाजींनी मात्र मान डोलावली आणि विचारलं, "झाकण कोणतं?"

मी घाबरलो. "औषधाचं नका घेऊ हो! खोकल्याच्या बाटलीवरचं घ्या. नवीन."

आणि हा माणूस ते पाळायला लागला! शर्टाच्या खिशात खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण. रविवारी बाजार उरकला की आधी भाकर, मग दोन झाकणं, मग एसटी. स्वतःच्या पायानं चढायचे, स्वतःच्या तोंडानं तिकीट मागायचे. दोस्त म्हणायचे, "अबे, चिमणी तरी याच्याहून जास्त पिते." काकाजी दोन बोटं नाकासमोर धरायचे. एकदा बाजार बुधवारी भरला, तर म्हणाले, "आठ दिवस नाई झाले," आणि सोडा पिऊन आले. मी माझ्या विनोदाची अशी अंमलबजावणी कधी बघितली नव्हती. मला थोडी भीती वाटायला लागली.

पण घरात अजून भुरीच मध्यस्थ. सहा महिने झाले, दहा झाले.

"तिले दिसत नाई का रे?" ते मला विचारायचे. याचं प्रमाण माझ्याकडे नव्हतं.

मग काकूंच्या भाच्याचं लग्न निघालं, हद्दीपलीकडेच. पुढचं मला काकाजींनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत येऊन सांगितलं.

मांडवामागे मंडळी बसली होती. साळा म्हणाला, "जवाई, आज बिना मापाची!" आणि त्यानं काकाजींच्या खिशातलं झाकण काढून लपवलं. ग्लास भरून हातात दिला. काकाजींनी ग्लास खाली ठेवला. "माप नाई तं फवारणी नाई." आणि झाकण शोधायला लागले. सतरंजी उचलली, खुर्च्यांखाली वाकले, शेवटी अंगावरच्या नव्या धोतरासकट रांगायला लागले. मंडळी हसून लोळत होती.

बायकांच्या बाजूनं काकू उठल्या. सगळा मांडव ओलांडून आल्या.

"काय शोधून राह्यले?"

काकाजींनी मागं वळून बघितलं, कोणाला विचारलं म्हणून. मागं कोणी नव्हतं.

"मले म्हणून राह्यली?"

"मंग काय नवरदेवाले विचारून राह्यली मी?" मग भावाकडे वळून काकू म्हणाल्या, "दे त्यायचं झाकण. दोन घेतील न् उठतील. दहा महिन्यांपासून पाहून राह्यली मी."

मी काउंटरवरून अर्धा बाहेर आलो होतो. "मंग? घेतली दोन?"

"कुठची बाप्पा! ती बोलून राह्यली होती ना. मधात कसा उठू?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "काकाजी, ते प्रमाण मी गमतीनं सांगतलं होतं. हसवाले."

"मले का मालूम नाई?" ते म्हणाले. "पन बाकी सारे 'कमी कर' म्हणून मोकळे झाले. आकडा तूच देल्ला."

तुम्ही मात्र माझा आकडा घेऊ नका. मी बियाणंवाला.

दोन-तीन वर्षांनी पोराला नोकरी लागली आणि दोघं त्याच्याकडे बोरगाव मेघेला राहायला निघाली. मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटायला आली होती. काकाजी खिडकीत, शेजारी काकू. दीड वर्षाचं तुंबलेलं बोलणं होतं, ते अजून चालूच होतं. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली, "काकाजी, येजो मंग!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळ्यांनी हसले, आणि एक हात बाहेर काढून पंजा दाखवला. थांब. तिचं वाक्य संपू दे.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हायवेला लागली, वळली, तरी तो हात तसाच खिडकीबाहेर होता.