डोंगरावरची कालवं

परवा आमचं गाव इतकं सुंदर दिसत होतं की मला रडू आलं. मुरूड आणि काशीदच्या मधलं एवढंसं गाव... आणि धक्क्यापासून डोंगरापर्यंत सगळं पांढरंशुभ्र.

सांगूनच टाकतो. नाहीतर आतल्या आत धुमसत राहीन.

मी मुंबईला कॉलेजात भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर आहे. तोही टेम्पररी. सुट्टी लागली की लोक माथेरानला जातात, मी हातोडी घेऊन आमच्या डोंगरावर जातो. आई म्हणते, दगडच फोडायचे होते तर एवढं शिकलास कशाला...

गेल्या दिवाळीत डोंगर चढताना, करवंदीच्या जाळीखाली मला कालवं सापडली. खाऊन टाकलेले शिंपले नव्हेत. कातळाला घट्ट धरलेली, दोन्ही झाकणं मिटलेली, एकावर एक थर. आणि खाली समुद्र एवढा दूर की होड्या ओळखू येत नव्हत्या.

कालव कुठेही वाढत नाही. रोज भरतीचं पाणी लागेल अशाच खडकावर ते जगतं. म्हणजे कधीकाळी समुद्र तिथवर होता, नाहीतर तो डोंगरच समुद्रातून वर आला होता. त्या दिवशी मी जाळीत एकटाच बसून हसत होतो.

आमचे प्रोफेसर इंग्रज, स्वभावाने संशयी. माझे नमुने बघून म्हणाले, पेटीतले शिंपले कुठूनही आणता येतात. थर जागेवर बघीन, फोटो घेईन, मगच छापू. छापून आलं असतं तर माझी नोकरी कायम होणार होती... तसं त्यांनी कबूलही केलं होतं.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा तात्यांना वर नेऊन जागा दाखवली. तात्या माझे सख्खे काका, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. म्हटलं, साहेब डोंगरावरचे शिंपले बघायला येणार आहेत, वाट तेवढी साफ करून ठेवा.

तात्यांना 'साहेब' एवढंच ऐकू आलं असावं.

आमच्याकडे अंमलदार येणार म्हटलं की गावाला चुना मारतात. धर्मशाळा, देवळाचा ओटा, वाटेवरचे धोंडे, माडांचे बुंधेसुद्धा. वर गेरूची पट्टी. अंमलदार रागीट असेल तर दोन हात.

परवा साहेबांना घेऊन आगबोटीतून उतरलो तर धक्क्यावर ताशा वाजत होता. साहेबांच्या गळ्यात हार, हातात शहाळं. वाटेच्या दोन्ही अंगांना पांढरे धोंडे, थेट डोंगरापर्यंत. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... आपल्या माणसांनी आपल्यासाठी केलंय असं वाटलं.

वर पोचलो. करवंदीची जाळी तोडलेली होती. कातळ खरवडून गुळगुळीत केलेला, त्यावर चुन्याचा जाड हात, गेरूची पट्टी, आणि मधोमध तात्यांच्या ओटीवरची खुर्ची.

मी विचारलं, "तात्या, इथली कालवं कुठायत?"

"ती व्हय? भट्टीत घातली. खाडीत उतरून शिंपलं येचायचं म्हंजे ओहोटीची वाट बघा. हितं तर तू जागा दाखवून ठेवलीस. चुना बघ कसला फळफळीत झालाय."

"अहो, साहेब तीच बघायला आलेत."

"म्हनूनच तर," तात्या म्हणाले. "एवढा मोठा मानूस त्या घानीत हुबा ऱ्हानार? बसाया जागा नको?"

त्यांच्या तोंडावर एवढं कौतुक होतं की माझा राग गिळला गेला.

मी गुडघ्यावर बसून नखांनी चुना खरवडला. खाली कालवांचे वण होते, मी साहेबांना दाखवत राहिलो. साहेब खुर्चीत बसून शहाळं पीत होते. म्हणाले, वण कशाचेही असू शकतात. मग उठून त्यांनी कॅमेरा लावला आणि गावाचा फोटो घेतला. फार स्वच्छ गाव आहे म्हणाले.

उतरताना त्यांनी सरळ सांगून टाकलं. तुमच्या शब्दावर मला काही छापता येणार नाही, आणि कॉलेजातल्या कायमच्या जागेसाठी आता दुसऱ्याचं नाव सुचवावं लागेल. आवाज अगदी मऊ होता. ओरडले असते तर मलाही ओरडता आलं असतं.

परतीची बोट लागायला वेळ होता. साहेब धक्क्यावर फेऱ्या मारत होते, मी धर्मशाळेच्या भिंतीला टेकून बसलो. तात्या शेजारी येऊन बसले. पायाला चुन्याने भाजल्याचे फोड आले होते त्यांच्या.

हळूच म्हणाले, "साहेब खूश हायत ना रं? तुजं काम झालं ना?"

मी म्हटलं, "झालं, तात्या."

दुसरं काय सांगणार होतो... माझं वाटोळं करायला अख्खं गाव आठवडाभर राबलं होतं. आभारही मानले मी सगळ्यांचे, एकेकाला हात जोडून.

बोटीत कोणीतरी सांगितलं, मास्तर, कोट मागनं पांढरा झालाय, झटका. मी झटकला नाही. समुद्र एके काळी आमच्या डोंगरावर होता, याचा साहेबांच्या देखत जागेवरून आणलेला पुरावा आता तेवढाच आहे माझ्याकडे.