असल्यांना गाणं

बारा वर्षं गुरुजींपुढं बसून मी ख्याल शिकले. सत्तरच्या दशकात सोलापुरात बाईला मैफलीचं बोलावणं क्वचितच यायचं, म्हणून मी घरीच शिकवायचं ठरवलं. पहिली शिष्या म्हणून आली ती शेजारची विडी वळणारी बाई. घरी तेलुगू बोलणारी, आवाजानं जाड, पण सुराला पक्की.

तिसऱ्याच दिवशी गुरुजी दारात येऊन उभे राहिले. तिच्याकडं बघत मला म्हणाले, "असल्यांना वाटायला दिलं होतं का मी हे गाणं?"

ती चटकन उठली. "मी जाते की, बाई."

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "गुरुजी, तुम्ही दिलंत ते आता माझ्या गळ्यात आहे. कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

गुरुजी पाणीही न घेता गेले आणि पुन्हा कधी माझ्याशी बोलले नाहीत. ते मला अजून लागतं. पण मी माफी मागितली नाही.

पुढच्या आठवड्यात ती आणखी चौघींना घेऊन आली. खोलीत जागा पुरेना, तेव्हा आम्ही अंगणात सतरंजी टाकली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा षड्ज लावला.