न्हाणीच्या चुलीवरची अंडी

तापातून उठल्यावर बाबांचं नाक गेलं. म्हणजे नाक होतं जागेवर, वास तेवढा गेला. त्याच्याबरोबर चवही गेली आणि ते दोन घासांवर पानावरून उठू लागले. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कदाचित येणारही नाही. असलं उत्तर मला पचत नाही. दर रविवारी मी डिचोलीहून लाटंबार्सेला माहेरी जायची आणि त्यांच्या नाकाशी काहीतरी धरायची. कधी हिंग, कधी कॉफी, एकदा तर सुके बोंबील.

"हांव कितें सुणो गो, हुंगत बसूंक?" बाबा भडकले. वडिलांना कुत्रा केल्याबद्दल आईनेही मला झापलं. पण माझं कुतूहल काही गप्प बसेना. माणसाला कुठला वास आधी परत येत असेल? त्यांचा सदरा खांद्यांवर लोंबायला लागला होता, त्याची मला भीती वाटायची. भीती वाटली की मी प्रश्न विचारत सुटते.

एका रविवारी फोनवर एक न्याहारी सापडली. भाज्या ओव्हनमध्ये भाजायच्या आणि त्यांवर अंडी फोडायची. भाजल्याचा वास सगळ्यात दांडगा, एवढंच माझं शास्त्र. ओव्हन आमच्याकडे नाही, पण मागीलदारी न्हाणीची चूल आहे, अंघोळीचं पाणी तापवायची.

"न्हाणयेंत कोण रांदता?" आई म्हणाली. तरी परसातली दोन वांगी आणि कोंबडीची चार अंडी तिनेच आणून दिली. पाववाला पोदेर मघाशीच गरम उंडे देऊन गेला होता.

नारळाच्या सोडणांचे छान निखारे झाले. वांगी, सालासकट कांदे, टोमॅटो, भोपळ्याच्या जाड फोडी, सगळं त्यांत सरकवलं. वांग्याची साल फुगून फुटली, आतून पाणी चर्र झालं. बाबा पुढच्या सोप्यावर ढिम्म बसून होते. धग कमी वाटली म्हणून कोपऱ्यातली पाटी मी न बघता चुलीत अर्धीअधिक उपडी केली.

वर सोडणं होती, खाली गेल्या उन्हाळ्यातली काजूबियांची टरफलं. आमच्या गावात पोरासोरांनाही कळतं की ही टरफलं रांधपाच्या विस्तवात घालायची नसतात. त्यांचं तेल तडतडतं, त्वचा सोलवटते. काळाकुट्ट धूर उठला आणि वांगी, भोपळा, सगळं त्या तेलात बरबटलं. डोळे चोळत मी स्वतःला शिव्या घालत होते.

तेवढ्यात पुढच्या बाजूने आवाज आला.

"बाय, बियो कोण भाजता गो?"

आईच्या हातातली बशी हातातच राहिली. बाबा हुंगत हुंगत, भिंत धरत मागीलदारी आले. जन्मभर दर उन्हाळ्यात अंगणात ते स्वतः बिया भाजत आले होते, यंदा तापामुळे राहिलं होतं. चुलीत बघून त्यांनी मला शब्दांनी असं काही सोलून काढलं की बस. मी रडत होते, आणि ते फक्त धुरामुळे नव्हतं.

भाज्या परसात फेकल्या. आईने आत गॅसवर दोन अंडी तव्यावर फोडली, मीठमिरी घालून उंड्याबरोबर बाबांना दिली. त्यांनी बशी नाकाशी नेली. थांबले. पुन्हा हुंगून पाहिली आणि मान हलवली. अंड्याचा वास येत नव्हता. उंड्याचाही नाही.

मला वाटलं, आता बशी बाजूला ठेवणार. ते चुलीपासून दोन हातांवर, धुराच्या वाटेतच उकिडवे बसले.

"आनीक एक मूठ घाल," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. बाबा खोकत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते उंडा मोडून अंड्याबरोबर खात होते. पहिलं अंडं संपलं, त्यांनी दुसऱ्याला हात घातला.

आईने पदर नाकाला लावला आणि बशी रिकामी होईपर्यंत पाटीत उरलेली टरफलं मूठमूठ चुलीत घालत राहिली.