डावी सीट रिकामी असली की

भुतंखेतं मी कधी मानली नाहीत. आमच्या घरात तशी पद्धतच नव्हती. लहानपणी रविवारच्या शाळेत पाळकसाहेब सांगायचे, भीती वाटली तर प्रार्थना करायची आणि झोपून जायचं. मी तसंच करत आले. माझी सून रूथ मात्र मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचते आणि मी भाकरी थापत असले की मोठ्यानं वाचून दाखवते... कुणाला घाटात बाई दिसली, कुणाच्या माडीवर पावलं वाजली. मी हसायचे. आता मलाच एक लिहायचं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कुणाला दाखवायचा विचार नाही, पण समोर कुणीतरी ऐकतंय असं धरून लिहिते, म्हणजे नीट लिहिलं जाईल.

आमचं गाव राहुरीपासून आत, मुळा धरणाच्या रस्त्याला. घराला लागूनच आमच्या यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. आशिष, आमचा मुलगा, कॉलेजात होता तेव्हाची गोष्ट. हे सकाळी नगरला स्पेअर पार्ट आणायला गेले आणि दिवस मावळायच्या आत एक गाडी घेऊन आले. पिवळी, बुटकी, मांजर दबा धरून बसावं तशी. वरचा टप कापडाचा आणि तोही मागं दुमडलेला. परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट गाडी, भिंगारला एका रिटायर लष्करी साहेबांच्या बंगल्यात उभी होती. साहेबांचा तरुण भाचा तेवढा रस्ता शेजारी बसून आला आणि एसटीनं परत गेला.

"वरातीला भाड्यानं देऊ," हे म्हणाले. "ओपन गाडी हाय. नवरानवरी सगळ्या गावाला दिसतील."

गल्ली जमली. पाळकसाहेबांनी बॉनेटवर हात ठेवून प्रार्थना केली. शेजारच्या तुळसाबाईंनी आपला नारळ आणून फोडला, म्हणाल्या, दोन्हीकडून झालेलं बरं. शेवटी गफूरभाई आले. गावातला बँड त्यांचा, त्यामुळे वरातीतलं सगळं त्यांना कळायचं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, आत डोकावले, परत एक फेरी मारली.

"मिस्त्री, सगळं झ्याक हाय. पन शिटा दोनच."

"मग? नवरा आन् नवरी. दोनच लागत्यात."

"व्हय. आन् तुमी चालवनार कुठं बसून? बॉनेटवर?"

यांचं तोंड मी आजही विसरले नाही. अख्ख्या गावाची इंजिनं खोलून जोडणारा माणूस, पण हिशोबात स्वतःलाच धरायचा विसरला होता. लोक इतके हसले की पाळकसाहेबांनासुद्धा रुमाल तोंडाला लावावा लागला.

मग तोड निघाली ती अशी. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्यात नवरदेव एकटाच असतो. घोड्याच्या जागी ही गाडी. शेजारी नवरदेव, चालवायला हे. तसं काम मिळू लागलं.

पण गाडीची एक खोड लवकरच कळली. डावी सीट रिकामी असली की ती चालायची नाही. सुरू व्हायची, पण गेटाबाहेर पडेपर्यंत बंद. शेजारी माणूस बसला की लोण्यासारखी चालायची. यांनी काय केलं नाही? वायरिंग बदललं, कार्बोरेटर खोलला. वजनाचा काही प्रकार असेल म्हणून सीटवर खताची गोणी ठेवली, तरी बंद. आमचा मोत्या कुत्रा बसवून पाहिला. मोत्या खूश, गाडी बंद. शेवटी हे भिंगारला जाऊन साहेबांनाच विचारून आले. साहेब म्हणाले, "माझ्याकडे कधी बंद पडली नाही. पण मी मिसेसशिवाय तिच्यातून कधी गेलोच नाही." साहेबांच्या बाईसाहेब तोवर वारल्या होत्या.

आता नवरदेव मांडवात उतरला की गाडी परत आणायची कशी? म्हणून मला जावं लागायचं. मी, जी किराणा दुकानात गर्दी असली तर बाहेर उभी राहायची! वऱ्हाडाच्या टेम्पोत बसून मागून जायचं आणि अक्षता पडल्या की सगळ्या मांडवादेखत त्या उघड्या गाडीत जाऊन बसायचं. बायका ओरडायच्या, "आली गं आली, गाडीची करवली आली!" मी पदर घट्ट धरून मान खाली घालायचे.

"अगं, तोंड वर कर की," हे म्हणायचे. "रस्ता काय तुझ्या पायात हाय का?"

असं करत करत मी तोंड वर केलं. घरी फार न बोलणारा माणूस, पण गाडीत बोलायचा. आपल्या आईबद्दल, शाळा का सोडली त्याबद्दल, दिसेल त्या झाडाबद्दल. वाऱ्यामुळे निम्मं मला ऐकूच यायचं नाही, तरी मी हं हं करायचे. सरळ रस्ता सोडून हे मुद्दाम कालव्याच्या कडेनं गाडी घालायचे. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून थंड वारा, आणि धरणाच्या पाण्याची एक पट्टी लांब चकाकताना. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण नवरा-बायकोनं शेजारी शेजारी बसून कुठं जायचं असतं, हे मला त्या गाडीनं शिकवलं. पुढं पुढं लग्नाचं काम कमी झालं. मोठ्या सजवलेल्या गाड्या आल्या. पण आमचं जाणं थांबलं नाही. रविवारी उपासना सुटली की देवळापासून, म्हणजे आमच्या चर्चपासून, एक चक्कर व्हायचीच.

गेल्याच्या गेल्या वर्षी हे गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली.

या नाताळानंतर आशिषनं विषय काढला. गाडी नुसती सडतेय, उंदीर सीट कुरतडतायत. पुण्याचा एक माणूस जुन्या गाड्या जमवतो, तो रविवारी बघायला येणार. चालती असली तर लगेच नेणार. आशिषचं काही चूक नव्हतं. मला ती जायला नको होती, इतकंच. पण नको म्हणणं मला जमत नाही, कधीच जमलं नाही. मी म्हटलं, "बघ बाबा, तुला बरं वाटंल तसं."

शनिवारी सकाळी त्यानं नवी बॅटरी बसवली. "आई, चल बस. चक्कर मारून बघू. तुझ्याबिगर हालत न्हाई ती."

मी म्हटलं, "गुडघा दुखतोय माझा."

गुडघा दुखत नव्हता. मी मनात म्हटलं, मी बसले नाही तर गेटातच बंद पडेल, मग आपोआप राहील इथंच.

रूथ म्हणाली, "मी बसू का?"

"तू आधी धुनं वाळत घाल," मी म्हटलं. पटकन सुचलं ते.

आशिष एकटाच बसला. मी ओट्याच्या पायरीवर मेथी निवडायला घेतली. गाडी गेटापाशी गेली... आणि बाहेर पडली. आवाज वळणापर्यंत ऐकू आला, मग तोही गेला. मी मनात म्हटलं, संपलं. आता नेणार तो माणूस.

त्यानंतर जे झालं ते जसं झालं तसं लिहिते. अंगणात वारा नव्हता. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. आणि माझ्या तोंडावर वारा यायला लागला. थोडा नाही, पळत्या गाडीत येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. डोक्यावरचा पदर मागं उडाला. मांडीवरच्या मेथीचं पान हललं नाही. ओढ्यावरच्या पुलापाशी गाडी खाली जाते तेव्हा पोटात गोळा येतो, तसा आला. मग उसाचा तो हिरवा, गोडसर वास. मी डोळे मिटून घेतले. भीती वाटली का? खरं सांगायचं तर नाही. मला बरं वाटत होतं.

मग एकदम गचका बसला. मी पायरीवरून पुढं फेकली गेले, मेथी सगळी अंगणात सांडली. तोंडावर आपटायचीच, पण आपटले नाही. छातीला आडवा एक हात लागला आणि त्यानं मला मागं दाबून धरलं.

रूथ धावत आली. "आई! पडलात का? अन् हे केसांत काय?"

तिनं माझ्या केसांतून काढून दाखवलं. उसाच्या तुऱ्याची पांढरी लव होती. आमच्या घराच्या आसपास ऊस नाही.

थोड्या वेळानं आशिष आला. खुशीत होता. "आई, एकदाबी बंद पडली न्हाई! एकटा गेलो, एकटा आलो."

"कालव्याच्या कडंनं गेलतास का?"

"हां."

"मग ब्रेक का मारला एवढा?"

"शेळ्या आडव्या आल्या. पन तुला... कुनी फोन केला का?"

रूथनं हातातली लव त्याच्यापुढं धरली. तो पायरीवर माझ्याशेजारी बसला. लव बोटांत फिरवून बघितली. मग म्हणाला, "आई, ब्रेक मारला ना, तवा माझा डावा हात आपोआप सीटपुढं गेला. गेटात गाडी थांबवताना पप्पा घालायचे तुझ्यापुढं, तसा. रिकामी सीट आन् मी हात धरून बसलोय, मलाच हसू आलं."

मला हसू आलं नव्हतं.

रविवारी उपासनेनंतर पुण्याचे ते गृहस्थ आले. चांगले होते बिचारे, चहा घेतला, गाडीला हात लावून लावून बघितली. आशिष माझ्याकडे बघत होता. आणि मी, जी परक्या माणसापुढं पाण्याचा पेला ठेवून आत पळते, ती दारातून म्हणाले, "गाडी द्यायची न्हाई."

"का हो मावशी?" ते म्हणाले. "बंद पडते का?"

"चालती," मी म्हटलं. "म्हनूनच."

त्यांना काय कळणार? पण मी कसं सांगू... उद्या ते पुण्यात गाडी काढतील, आणि मी इथं पीठ मळता मळता कुणा परक्या माणसाशेजारी कुठं कुठं फिरत बसू?

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तो हात आशिषचा होता की यांचा, तेही ठरवता येत नाही. पाळकसाहेबांना विचारावं असं दोनदा मनात आलं, पण काय म्हणून विचारू? मी कुठं गेलेच नव्हते. दर वेळी तसं होतं असंही नाही. कधी वारा येतो, कधी नुसता वास, कधी काहीच नाही. पण गाडी आता रिकाम्या सीटनं कधी बंद पडत नाही.

आशिष महिन्यातून एखाद्या वेळी ती बाहेर काढतो. गेटापाशी थांबून हाक मारतो, "आई, गॅस बंद कर गं, निघालो मी!"

मी गॅस बंद करते आणि पायरीवर येऊन बसते.