बांगड्याचे तीन वाटे

माझी बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. फोन हातानं जोडून द्यायचे त्या दिवसांत गावातलं कोणी तिला नंबर सांगत नसे. "डॉक्टराक लाव गो," "वखारीत लाव," एवढ्यावर ती बरोबर ठिकाणी जोडून देई. पुढे यंत्रं आली, तिला दुसऱ्या टेबलावर बसवलं, आणि तिथूनच ती निवृत्त झाली.

मग एक दिवस तिनं पेपरात वाचलं, की इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यामागे आकड्यांची एक लांब रांग असते. ती कोणाच्या लक्षात राहत नाही म्हणून तिच्यावर एक नाव लावलेलं असतं. काही लोक अशी नावं आधीच घेऊन ठेवतात आणि पुढे ज्याला हवं त्याला विकतात. तिनं पेपर घडी करून ठेवला.

"ह्यां तर आमचाच काम," ती म्हणाली.

एकटीनं करायचा तिचा स्वभाव नव्हता. एक्स्चेंजमधली तिची जुनी मैत्रीण आमच्या मागच्या आळीत राहते आणि बायकोची धाकटी बहीण, म्हणजे माझी मेव्हणी, वेंगुर्ल्याला. तिघींची भिशी होतीच. त्या वर्षी भिशीतून साड्यांऐवजी नावं घ्यायची ठरली. नोंदणी बायकोच्या नावावर, मालकी तिघींची, वाटे सारखे. विकायचं तर तिघींचा होकार पाहिजे.

मी वाचनालयात ग्रंथपाल होतो, त्यामुळे न विचारता माहिती देण्याची मला सवय. मी म्हटलं, सामायिक मालमत्तेत पडू नका. आमच्या खारेपाटणच्या घरामागचा फणस तीन चुलत घरांचा आहे. दरवर्षी तो पिकून पडतो, पण कोणी तोडत नाही, कारण विचारायचं कोणाला हेच अजून ठरलेलं नाही.

"नाव काय पिकान पडणा नाय," बायको म्हणाली.

यात ती थोडी चुकली होती. दरवर्षी भाडं भरलं नाही तर नावसुद्धा देठातून सुटतं, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळलं.

सोलकढी सगळ्या स्पेलिंगांत आधीच गेली होती. कोकम गेलं होतं, आंबा तर केव्हाच. संध्याकाळपर्यंत तिघी एकेक शब्द टाकून बघत होत्या आणि प्रत्येक शब्दावर कोणीतरी बसलेलं होतं. शेवटी मेव्हणीनं बांगडो टाकला आणि तो मोकळा निघाला.

मला राहवलं नाही. "शेवटी ए पाहिजे," मी म्हटलं. "बांगडा. सगळीकडे बांगडा म्हणतात. हे ओ लावलेलं नाव कोण घेणार?"

"तुमच्या पुस्तकात बांगडा आसतलो," बायको मागं न बघता म्हणाली. "माझ्या तव्यार बांगडोच." आणि तिनं पैसे भरले.

त्यानंतर काही वर्षं काहीच घडलं नाही. घेतलेली इतर दोन-तीन नावं त्यांनी सोडून दिली, बांगडो राहिला. दर रविवारी दुपारी मैत्रीण मागच्या दारानं येई, मेव्हणी वेंगुर्ल्याहून एसटीनं येई, आणि आत पाऊल टाकताना पहिला प्रश्न ठरलेला असे, "नावाचा काय झाला?" गाभण गाईची चौकशी करावी तशी. नावाचं काहीच झालेलं नसे. मग चहा होई, गावातल्या सगळ्यांचा समाचार होई, आणि मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून त्यांचं बोलणं ऐकत बसे.

गेल्या वर्षी बायको गेली. आजार फार चालला नाही. त्याबद्दल मला अजून नीट लिहिता येत नाही, पुढं कधी येईल.

दिवसकार्य झालं, नातेवाईक परतले, आणि पुढच्या रविवारी मेव्हणी एसटीतून उतरून आली. चपला काढता काढता तिनं विचारलं, "भावजी, नावाचा काय झाला?"

नावाबद्दल कोणी लिहिलं तर ते बायकोच्या ईमेलवर येणार होतं, आणि ती टपालपेटी मी उघडून बघितलीच नव्हती. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी मी ती बघू लागलो, सांगायला काहीतरी हवं म्हणून. काही नाही, एवढंच सांगायचं असे. पण ते सांगायला दोन माणसं समोर बसलेली असत. बायकोचा वाटा माझ्याकडे आला म्हणजे खरं तर मला रविवार मिळाला होता. बाकीचे सहा वार मी वाचून काढत असे.

आणि मग एका रविवारी टपालात काहीतरी होतं. दोडामार्गाच्या पलीकडून, गोव्यातून एका बाईंनी लिहिलं होतं. नवऱ्याबरोबर त्या माशांचं लोणचं आणि मसाले विकायचा धंदा सुरू करत होत्या. नाव विकायचं आहे का, म्हणून विचारत होत्या. त्यांनी लिहिलेली रक्कम मोठी नव्हती, पण हसण्यासारखीही नव्हती.

मी ते दोघींना वाचून दाखवलं. मैत्रीण खुर्चीतून उठून परत बसली.

"इक्लो! बांगडो इक्लो गो!"

"अजून इकूक नाय हा," मेव्हणी म्हणाली. "तिघांनी हो म्हणूक होया. माझा हो. तुझा?"

"माझा दोनदा हो."

मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी चष्मा पुसत होतो. नाव विकलं की टपालपेटी बघायची नाही, प्रश्न विचारायचा नाही, एसटी पकडायची नाही. हे मला त्यांच्या आनंदात कुठं घालावं ते कळेना.

"भावजी, गप कित्याक? तुमका इकूचा नाय?"

"मला आधी त्या बाईंशी बोलायचंय," मी म्हटलं.

मेव्हणीनं तिथंच पत्रातल्या नंबरावर फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. मी बाईंना विचारलं, हे नाव तुम्ही म्हणणार कसं? त्यांनी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. ग्रंथपालाचे प्रश्न लोकांना नेहमीच जरा चमत्कारिक वाटतात.

"बांगडो," त्या म्हणाल्या. "आमगेर तशेंच म्हणटात. आनीक कशें म्हणपाचें?"

मैत्रिणीनं मांडीवर थाप मारली. "आयकलास मास्तरानू? तुमचो बांगडा घेतलेलो आसतो तर अजून पडान रवलो आसतो!"

मी आयुष्यात कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण पुस्तकं दिसली की ती माणसाला मास्तर करते. बाईंना उद्या कळवतो असं सांगून मी फोन ठेवायला लावला. मग म्हणायचं ते म्हणून टाकलं.

"विकलं, की रविवारी तुम्ही कशाला याल?"

मग मैत्रीण मेव्हणीकडे वळली.

"आयकलंस गो? मास्तरांका वाटता आमी नावासाठी येतंव."

"मगे कित्याक येतंव आमी?"

"मी येतंय सुनेची टीव्ही आयकूची लागता म्हणान. आणि तुका वेंगुर्ल्यात भांडूक कोण गावणा नाय म्हणान."

"माका बरे गावतत," मेव्हणी म्हणाली, "पण हंयसारखे नाय." ती बोलताना बहिणीच्या खुर्चीकडे बघत नव्हती. मीही बघत नव्हतो.

"माझाही हो," मी म्हटलं.

पैसे आधी असे व्यवहार सांभाळणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे जमा झाले, मग आम्ही नाव बाईंच्या हवाली केलं. पुढच्या रविवारी वाटे करायचे होते. मी माझा वाटा घेणार नाही म्हटलं. दोघी एकदम माझ्या अंगावर आल्या, दया नको, ती असती तर तिनं घेतला असता. मी सांगितलं की दया नाही, त्यातून मला पुढचं नाव घ्यायचं आहे.

"खंयचा?"

"तिरफळ."

आठवडाभर मी त्यावर विचार केला होता. वाटणात तिरफळ टाकल्याशिवाय आमच्याकडे माशाची आमटी होत नाही, आणि शब्दालाही त्याच्यासारखीच जिभेवर झिणझिण आहे. मेव्हणीनं एफ घालून बघितला, मोकळा. मी म्हटलं पीएच घाला, तोच शुद्ध. मैत्रीण म्हणाली शुद्ध बघणारो तिरफळ खाणा नाय. अर्धा तास ते चाललं. शेवटी मतदान झालं आणि मी हरलो.

मग यंत्रानं मालकाचं नाव विचारलं. तिथं एकाचंच बसत होतं. मी दोघींकडे बघितलं.

"तुमचा घाला," मेव्हणी म्हणाली. "आमका एसटी चुकता कधी कधी. तुमी खंय पळान जातास?"

मी माझं नाव घातलं. एका बोटानं टाइप करतो, त्यामुळे वेळ लागला. दोघी दोन्ही बाजूंनी वाकून एकेक अक्षर तपासत होत्या.