गाडी मऊ करताना

मित्राचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातल्या टेस्टिंगच्या खोलीत होते. नोएडातल्या आमच्या कंपनीत गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर बनत. मशीनवर ते दिवसभर खालीवर होत राहायचे आणि त्या आवाजात फोनवरचं काही धड ऐकू यायचं नाही. बाहेर जिन्यात येऊन मी त्याला परत फोन लावला.

"यार, गाडीचं सगळं काढायचंय," तो म्हणाला. "कंपनीतून आली होती तशी करायचीय."

"सगळं म्हणजे?"

"स्प्रिंग, सायलेन्सर, सीट, टायर. सगळंच. आईला बसवत नाही तिच्यात."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ती गाडी आम्ही तिघांनी चार-पाच वर्षं रविवार घालवून बनवली होती.

हा मित्र मूळचा नगरकडचा, मराठी ख्रिस्ती घरातला. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि तो इथेच वाढला. पुढे तोही एका मंत्रालयात लागला आणि आईला घेऊन सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आला. मी लग्नानंतर पुण्याहून आले, मयूर विहारच्या सोसायटीत. आमची ओळख एका मराठी मंडळाच्या फराळाच्या कार्यक्रमात झाली, तीही पार्किंगमध्ये. गाडी थांबतानाच्या आवाजावरून मी म्हटलं, तुमचा पुढचा डावा शॉकअब्सॉर्बर गेलाय. तो म्हणाला, "अच्छा? आणि तुम्हाला कसं कळलं?" माझा नवरा बाजूला हातात चकलीची पुडी घेऊन उभा होता. तो म्हणाला, "झालं. आता तासभर आपण इथेच."

उदारीकरणानंतर बाहेरच्या कंपन्या आल्या तेव्हा पहिल्या काही वर्षांत जी देखणी, दमदार इंजिनाची सेडान निघाली होती, तिच्यातली ती. त्याने सेकंडहँड घेतलेली. तोवर रस्त्यावर दोन-तीन प्रकारच्या गाड्या बघत मोठे झालेले आम्ही. आमच्यासाठी ते इंजिन म्हणजे काहीतरी वेगळीच चीज होती. गंमत अशी की आम्ही हात लावेपर्यंत ती जुनी झाली होती. नव्या मॉल्सच्या बाहेर तिच्याहून चकचकीत गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. पण तिचं इंजिन त्यांच्या तोडीस तोड आहे हे आम्हाला माहीत होतं, आणि तेच सिद्ध करायचं होतं. कुणाला, ते आता सांगता येत नाही.

तिसरा मित्र पानिपतचा. त्याच्या घरची ब्लँकेटं विणायची फॅक्टरी होती आणि मागे एक रिकामी शेड. त्याच्याकडेही तशीच गाडी होती. रविवारी सकाळी दिल्लीचा मित्र आईला चर्चला सोडायचा, मग मला घ्यायचा आणि आम्ही हायवेने पानिपतला जायचो. शेडच्या दाराशी त्याचे वडील उन्हात खाट टाकून बसलेले असायचे. आम्हाला बघून दर रविवारी म्हणायचे, "आ गए मराठे फिर से?" आणि स्वतःच हसायचे. पहिल्या वेळी आम्हीही मनापासून हसलो होतो.

तिथे आम्ही गाडी खाली आणली, कडक केली, हलकी केली. स्प्रिंग मी निवडल्या, ऑफिसात आकडेमोड करून. सायलेन्सर पानिपतवाल्याने केला. एक अख्खा हिवाळा तो वेल्डिंग शिकत पाइप कापत बसला होता आणि शेवटी जो आवाज निघाला तो त्याने आपल्या वडिलांना खाटेवरून उठवून ऐकवला होता. मागची सीट काढली, पुढे दोन खोलगट रेसिंगच्या सीटा बसवल्या. मित्राची आई त्या सीटमध्ये बसली की बाहेर येताना तिला हात द्यावा लागे. चर्चच्या फाटकापर्यंत ती गाडी नेऊ द्यायची नाही. कोपऱ्यावरच उतरायची. म्हणायची, "आत प्रार्थना चालू असती लोकांची."

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. हॉस्पिटल क्वार्टरपासून लांब नव्हतं, पण मध्ये स्पीडब्रेकर, खोदलेले रस्ते, डांबराचे उंचवटे. सुईचा हात मांडीवर धरून ती त्या खोलगट सीटमध्ये बसायची आणि प्रत्येक खड्डा सरळ तिच्या पाठीत जायचा.

"टॅक्सी कर ना," त्या दिवशी फोनवर मी जिन्यातून म्हटलं होतं.

"येताना कधीकधी उलटी होते तिला. परक्या माणसाच्या गाडीत नको म्हणते. लाज वाटते."

पानिपतवाल्याला त्याने फोन केला तेव्हा तो आधी भडकला. "पागल हो गया है क्या? मेरी दूसरी गाडी ले जा, ड्रायव्हर भी ले जा!" मग ड्रायव्हरही परकाच, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो म्हणाला, "ठीक है. सन्डे को ले आओ."

गाडी बनवताना आम्हाला कधी दमल्यासारखं वाटलं नव्हतं. उलटं काम करताना पहिल्याच रविवारी वाटलं. तेच नटबोल्ट, तीच शेड, पण कुणी गाणी लावली नाहीत. पानिपतवाल्याने आपला सायलेन्सर स्वतः काढला. आम्ही मदतीला गेलो तर म्हणाला, "रहने दो." तो काढून त्याने फडक्याने पुसला, एका जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि माळ्यावर ठेवला.

मागची सीट शेडमध्येच होती. इतकी वर्षं आम्ही ती भिंतीला लावून सोफा म्हणून वापरत होतो, तिच्यावर बसून चहा पीत होतो. ती उचलली तर शिवणींमध्ये ब्लँकेटच्या लोकरीचा भुगा गच्च भरलेला. मी आणि मित्राने ती उन्हात आपटली, ब्रशने घासली. तरी बराच काळ त्या सीटवरून उठलं की कपड्यांना तंतू लागायचे.

स्प्रिंगांचं मात्र अवघड झालं. मूळच्या स्प्रिंगा आम्ही भंगारात देऊन टाकल्या होत्या. नव्या मिळेनात, कारण ते मॉडेल बंद पडलं होतं. शनिवारी ऑफिस आटोपून मी काश्मिरी गेटच्या पार्ट्सच्या बाजारात फिरले. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पाहिजे तेवढ्या होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या. साध्या काळ्या कुणाकडे नव्हत्या. एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, लोग गाडी बनवाने आते हैं. वापस सीधी कराने आप पहली आई हो." त्याला त्यात विनोद दिसत होता. मला त्या गल्लीतल्या हातगाड्या, धक्के आणि डोक्यावरचं ऊन सोडून काही दिसत नव्हतं. घरी आले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "मिळालं का तुमचं लोखंड?" आणि माझा चेहरा बघून त्याने स्वतःच आमटी गरम केली.

शेवटी पानिपतवाल्याने स्वतःच्या गाडीच्या काढून दिल्या; तिला आम्ही कधी हात लावला नव्हता. त्याची गाडी त्या वेळी फॅक्टरीमागे चार विटांवर उभी राहिली, आणि नंतर ती कधी उतरली नाही. मी त्या स्प्रिंगा ऑफिसात नेऊन मशीनवर लावून बघितल्या. बसलेल्या होत्या. स्प्रिंग बसली की तिची उंची जाते, मऊपणा बहुतेक तसाच राहतो. पुस्तकाप्रमाणे मी त्या नापास केल्या असत्या. पण एका आजारी बाईला हॉस्पिटलात न्यायला त्या पुरेशा होत्या. त्यांच्याबरोबर मी सगळ्यात नरम शॉकअब्सॉर्बर लावले, जे मी एरवी कुणाच्याच गाडीला लावू दिले नसते.

गाडी तयार झाली. मित्राने ती क्वार्टरखाली उभी केली आणि जिना चढून वर गेला, तर आई स्वयंपाकघरात.

"आलास कधी?" ती दचकून म्हणाली. "आधी गेटापासनं कळायचं तू आला म्हणून. मी कुकर उतरवायची. आता कसं कळायचं?"

त्याने हे मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर एकदा संसदेचं अधिवेशन चालू होतं आणि त्याला मंत्रालयातून निघता येईना. मी रजा टाकली आणि मावशींना हॉस्पिटलात नेलं. मित्राच्या आईला मी मावशी म्हणायचे; नगरकडचा त्यांचा हेल दिल्लीत इतकी वर्षं काढूनही गेला नव्हता. येताना त्या मागच्या सीटवर आडव्या झाल्या, डोक्याखाली शाल. मी स्पीडब्रेकर दिसला की आधीच गाडी मंद करत होते.

"पोरी," त्या मागून म्हणाल्या, "तुम्ही येवढी वर्षं तिकडं पानिपतला काय करीत होता गं?"

"गाडी जोरात पळावी म्हणून काम करत होतो, मावशी."

"मग पळाली का?"

"पळाली ना. खूप पळाली."

"कुठवर?"

मी आठवून बघितलं. "वाटेतल्या मुरथलच्या ढाब्यांपर्यंत."

"आन् मग?"

"मग तिथे पराठे खायचो आणि घरी यायचो."

त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, मी गाडी बाजूला घेतली, त्यांना पाणी दिलं. उलटी झाली ती त्यांनी सोबत आणलेल्या पिशवीत. मी तोंड पुसायला रुमाल दिला तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, "पराठे!" आणि पुन्हा हसल्या. मलाही हसू आलं. मागून बसवाला हॉर्न देत होता. आम्ही तशाच रस्त्याच्या कडेला, दोन्ही खिडक्या उघड्या टाकून, थोडा वेळ बसून राहिलो.

"गाडी चांगली केली हां तुम्ही आता," घर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या. "पाळण्यावाणी झाली."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ गाड्यांचे रिपोर्ट लिहिले. त्यात पाळण्याला कुठला रकाना नसतो. पण त्या दिवशी मला बरं वाटलं, आणि घरी गेल्यावर मी दुपारभर झोपले.

मावशी त्या गाडीतून आणखी दोन हिवाळे हॉस्पिटलात जात राहिल्या. मग गेल्या. पानिपतवाला अंत्यविधीला आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. काही आठवड्यांनी तो पुन्हा आला, गाडीच्या डिकीत काय काय घेऊन. मला मित्राने बोलावून घेतलं होतं. डिकी उघडली तर आत आमच्या कडक स्प्रिंगा, तेल लावून ठेवलेल्या, आणि ब्लँकेटात गुंडाळलेला तो सायलेन्सर.

"चल," तो म्हणाला, "फिर से बनाते हैं. अब तो..." आणि थांबला. तो वाईट माणूस नव्हता. मित्रासाठी काहीतरी करावं म्हणून आला होता आणि त्याला करता येण्याजोगं तेवढंच होतं.

मित्र डिकीत बघत राहिला. त्याने सायलेन्सरवरून हात फिरवला.

"बहुत अच्छा बना था," तो म्हणाला.

"था ना?"

"हां यार. रहने दे अब. ऊपर चल, चाय पीते हैं."

वर क्वार्टरमध्ये त्याने स्वतः चहा केला. साखर जास्त झाली होती. तिघांनीही तो संपवला. खिडकीतून सरोजिनी नगरच्या बाजाराचा गलबला येत होता, टी-शर्टांचे भाव ओरडणारी पोरं. पानिपतवाल्याने आपल्या फॅक्टरीचं सांगितलं: स्वस्त पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांपुढे त्यांचा माल उठत नव्हता, शेडही भाड्याने द्यायचं चाललं होतं. मी माझ्या बदललेल्या शिफ्टचं सांगितलं. गाडीचा विषय निघाला नाही.

पुढे मित्राची बदली नागपूरला झाली. गाडी तो सोबत नेणार होता, मग बेत बदलला आणि फरीदाबादच्या एका शाळामास्तरांनी ती घेतली. द्यायच्या आधी तो म्हणाला, एकदा पानिपतला जाऊन येऊ. रविवार होता. मी मागच्या सीटवर बसले, कारण पुढच्या सीटवर त्याचं सामान होतं, पानिपतवाल्याला द्यायची अवजारं. दिल्ली सोडल्यावर हायवे मोकळा झाला. पूर्वी इथे आला की तो गिअर बदलायचा आणि आम्ही दोघंही गप्प बसून इंजिन ऐकायचो.

आमच्यापुढे विटांचा एक ट्रक होता, हळू चाललेला. उजवीकडची लेन रिकामी होती. मित्राने ट्रकला ओलांडलं नाही. मीही म्हटलं नाही, काढ पुढे. काच खाली करून मी हात बाहेर ठेवला. विटांची धूळ येत होती. पुढे टोलनाक्यापर्यंत आम्ही त्या ट्रकच्या मागेच राहिलो, आणि तिथे रांगेत उभे असताना तो म्हणाला, "भूक लागलीय यार. तुला?"

"मलाही," मी म्हटलं.