हरिबाच्या दोन जोड्या

उंब्रजच्या हरिबाला माइक दिसला की घसा आपोआप खाकरतो. बैलगाडीच्या शर्यतीत समालोचन आणि लग्नात निवेदन, असा त्याचा चाळीस वर्षांचा संसार. बायकोशी त्यातला किती झाला, ते तिलाच विचारा. ती सांगायला टपलेलीच आहे.

पूर्वी सगळी माहिती चिठ्ठ्यांवर असायची. पण गेल्या माघात हरिबानं भलत्याच खिशातली चिठ्ठी काढली आणि नवरदेवाच्या जागी नवरीच्या आत्याच्या यजमानांचं नाव पुकारलं. आत्याबाई नुसत्या स्टेजकडं बघत राहिल्या. तेव्हापासून कुजबुज सुरू झाली, की माइक आता रहिमतपूरच्या धनाजीला द्यावा. नानासोंनी तर तोंडावर सांगितलं, "आमच्या लेकीच्या, प्रियदर्शनीच्या लग्नात तूच बोल, हरिबा. पर ह्या खेपेला चुकलास, तर माइक खाली ठेवायचा. कायमचा!"

हरिबा दोन दिवस जेवला नाही. बरं, एकच दिवस. मग सुनेनं, दीपमालेनं, मोबाइलमध्ये नोंदींचं अ‍ॅप घालून दिलं. उघडलं की समोरच शॉर्टकटची चार बटणं.

"ह्यातलं मला काय बी नको," हरिबा म्हणाला. "मला पायजे ते बसतंय का हितं?"

"बसतंय की, मामंजी. बटण दाबून धरा."

धरलं, तशी चारही बटणं थरथरायला लागली.

"आगं, थांब, थांब! थंडी वाजतीया त्यास्नी!"

पण चटक लागली. दिवसभर हा बटणं उचलतोय, सरकवतोय, रंगवतोय. शेवटी दोनच ठेवली. शर्यतीच्या बैलांची माहिती उघडणाऱ्या बटणाला नाव दिलं 'जोडी'. नवरा-नवरीची माहिती उघडणाऱ्या बटणालाही 'जोडी'.

"आवं, दोन्हीला एकच नाव?"

"मग जोडीला काय तिकडी म्हणू? हिरवी बैलांची, लाल माणसांची. आंधळा न्हाई मी."

खरंच नव्हता. फक्त लग्नाला जाताना हरिबा काळा गॉगल लावतो, एवढं सूनबाई विसरली.

लग्नाच्या दिवशी कार्यालय खच्चून भरलेलं. नवरदेव मलकापूरचा साईराज, फौजेतला जवान, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेला. गॉगलमधून हरिबाला दोन्ही बटणं सारखीच काळपट दिसली. त्यानं त्यातलं एक दाबलं. आणि एकदा वाचायला लागला, की त्याचे स्वतःचे कान मिटतात.

"डावीकडं बघा, मंडळी! रक्त खानदानी! मान भरदार, डोळा पाणीदार!"

टाळ्या.

"खुराक, रोजची चार अंडी आन् दोन लिटर दूध!"

आणखी टाळ्या. फौजी माणूस, खाणारच.

"स्वभाव तापट! अनोळखी माणसानं मागून जाऊ नये! वयानं आदत, म्हणजे अजून दुधाचे दात पडायचेत!"

टाळ्या थांबल्या. साईराजनं तोंड मिटलं.

"उजवीकडं बघा! पळायला वारा! शिंगं मागं वळलेली..."

सगळं कार्यालय नवरीच्या केशरचनेकडं बघायला लागलं. तेव्हा कुठं हरिबाची जीभ अडखळली. नानासो उठले, तडक स्टेजवर आले आणि माइकसाठी हात पुढं केला. हरिबानं खाली मान घालून माइक दिलासुद्धा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून नवरदेवाची आजी, रंगुबाई, कडाडली, "आवं नानासो, खाली बसा! एक शब्द खोटा न्हाई. अंडी चारच खातोय, आन् तापट तर लय हाय! म्होरं वाचा वो, शिंगाचं काय झालं?"

नवरीच हसून हसून लोळायच्या बेताला आलेली. अक्षता पडायच्या आधीच मुंडावळ्या सुटल्या. "वाचा की, हरिबाकाका! माझं आर्धंच झालंय!"

लेकीचं हसणं बघून नानासोंच्या मिशा थरथरायला लागल्या, अगदी त्या बटणांसारख्या. त्यांनी माइक परत हरिबाच्या तोंडापुढं धरला. "वाच, बाबा. शेपटापर्यंत वाच."

परवा दीपमाला म्हणाली, "मामंजी, आता तरी एका बटणाचं नाव बदला."

"नगं. धनाजीच्या थोरल्याच्या लग्नाला माइक मलाच हाय," हरिबा गॉगल पुसत म्हणाला. "हिरवी जोडी वाचा म्हणून निरोप आलाय."